भाडेकरारातलं ते वाक्य अंगठ्याआधी मोठ्याने वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर भाड्याने देण्याघेण्याचे, करार तयार करून त्यांची नोंदणी करून देतो. अकरा वर्षं झाली, याच कामावर घर चालतं. लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा बॅगेत घालायचा, घरमालकाच्या नाहीतर भाडेकरूच्या घरी जायचं, भाडं, डिपॉझिट, मुदत आणि नोटिशीचा काळ विचारून घ्यायचा, दोघांचे अंगठे आणि फोटो घ्यायचे, साक्षीदारांचे घ्यायचे आणि निघायचं. बाकीचा मजकूर तयारच असतो. तो सहसा कुणी वाचत नाही. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवतो, ते दोन-तीन वेळा बोट फिरवतात आणि विचारतात, "नेहमीचंच आहे ना?" मी हो म्हणतो.

त्या नेहमीच्या मजकुरात सतराव्या क्रमांकावर एक वाक्य होतं: "सदर जागेत लायसन्सी यांना कोणत्याही प्रकारचा पाळीव प्राणी ठेवता येणार नाही." लायसन्सी म्हणजे भाडेकरू. मी ज्यांच्याकडे हे काम शिकलो त्यांच्या फाइलमधून ते वाक्य माझ्या फाइलमध्ये आलं. त्यांच्याकडे कुठून आलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शेकडो करारांमध्ये मी ते तसंच जाऊ दिलं. मालकाने मागितलं होतं म्हणून नव्हे, फाइलमध्ये होतं म्हणून. त्या वाक्याबद्दल मला आज लिहायचं आहे, कारण त्याने एका घराचं काय केलं हे मी जवळून पाहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची वेळ, रिकामं घर, नुकताच रंग दिलेला. मालक निवृत्त गृहस्थ, खिडकीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले. भाड्याने येणारं कुटुंब तिघांचं: नवरा, बायको आणि चौथीतली मुलगी. नवऱ्याचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. ताईंचा लागेना. हातांनी कष्टाची कामं करणाऱ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन त्या ओळखत नाही. त्या पदराला अंगठा पुसत होत्या, पुन्हा काचेवर टेकवत होत्या, मशीनचा लाल दिवा लागत होता. तेवढ्यात मुलगी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. स्क्रीनवर तिच्या आईबाबांची नावं होती, ती तिने वाचली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, यात मनीचं नाव कुठे लिहायचं?"

मला वाटलं, धाकटी बहीण असेल. मी वर पाहिलं. वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत विनंती होती. मला कळलं. स्क्रीनवर सतरावं कलम माझ्या डोळ्यांसमोर होतं. मालक चारेक हातांवर बसले होते, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, "काका, यांच्याकडे मांजर आहे, चालेल का?" मी नाही विचारलं. करार मोडेल, फेरी फुकट जाईल, नसती भानगड आपण कशाला ओढवून घ्यायची, असा सगळा विचार एका क्षणात झाला. चौथ्या वेळी ताईंचा अंगठा लागला. मी बॅग भरली.

पाच महिन्यांनी मालकांचा फोन आला. ते पाण्याच्या मीटरचं काही बघायला गेले होते, तर खिडकीच्या गजांत मांजर बसलेली. "तुमच्या करारात प्राणी ठेवायचा नाही असं आहे ना?" आहे म्हटलं. त्यांनी भाडेकरूला आठ दिवसांची मुदत दिली, मांजर तरी काढा नाहीतर घर तरी सोडा. शाळेचं वर्ष अर्ध्यावर होतं, घर सोडणं जमण्यासारखं नव्हतं. वडिलांनी मनीला पिशवीत घालून जुन्या वस्तीत नेऊन सोडलं. तिथल्या गल्ल्या तिच्या ओळखीच्या आहेत, ती जगेल, अशी त्यांची समजूत. पुढच्या रविवारी ते मुलीला घेऊन तिला बघायला गेले, त्यानंतरच्या रविवारीही गेले. मनी दिसली नाही. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, करार नव्याने करायला बोलावलं तेव्हा. मुलगी तेव्हा आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही.

त्याच दिवशी मालकांनी जे सांगितलं ते मला अजून झोपू देत नाही. ते म्हणाले, "मला मांजराचं काही नव्हतं हो. आमच्या घरीही होतं. पण सही करून, तोंडावर खोटं बोलून ठेवलं, याचा राग आला. आणि ते वाक्य काही मी घालायला सांगितलं नव्हतं."

ते मी घातलं होतं. मालकाला नको असलेली अट, भाडेकरूने न वाचलेली अट, मी सवयीने टाकलेली अट, आणि तिच्यापायी एक मांजर बेघर झालं आणि एका मुलीचा आपल्या बापावरचा विश्वास डळमळला.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घ्यायला लागलो. कायद्याचा मी पदवीधर नाही, पण करारांत दिवस जातो, वकिलांशी रोज बोलणं होतं, आणि कायद्याची कलमं वाचायला कुणाची बंदी नाही. भाडेकरूंचे फोन येतात त्यात एक प्रश्न हमखास असतो: "सोसायटीला प्राण्यांवर बंदी घालता येत नाही म्हणतात, मग मालक कशी घालतो?" या दोन गोष्टींची सगळीकडे गल्लत होते, आणि त्या गल्लतीत भाडेकरूचं नुकसान होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोसायटीचं म्हणाल तर भाडेकरूची बाजू भक्कम आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तर निवासी संघटनांच्या नियमावलीतली पाळीव प्राण्यांवरची बंदी बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवली. तो निकाल आपल्या राज्यावर बंधनकारक नसला तरी वकील तो दाखवू शकतात, न्यायालयाला तो विचारात घेता येतो. शिवाय राज्यघटनेच्या ५१-अ कलमात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. तेव्हा सोसायटीचा चेअरमन "आमच्याकडे भाडेकरूंना कुत्रा चालत नाही" म्हणाला, तर त्याला हे सगळं शांतपणे दाखवता येतं. त्याच सूचनांमध्ये प्राणी पाळणाऱ्यांनाही सांगितलं आहे की कुत्रा बाहेर काढताना पट्टा बांधा, त्याने केलेली घाण उचला, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही हे पाहा. तेही चेअरमनला दाखवताना सोबत दाखवावं.

मालकाचं मात्र तसं नाही. वरचं सगळं सोसायटीला उद्देशून आहे. मालक आणि भाडेकरू यांच्यातला करार हा दोघांचा आपसातला मामला, आणि त्यात प्राणी ठेवू नये अशी अट घातली तर ती बेकायदा ठरवणारा कायदा महाराष्ट्रात नाही. त्यातून आपण बहुतेक जण करतो तो करार भाडेपट्ट्याचा नसतोच. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे जागा वापरायची परवानगी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये, परवानगीची जी व्याख्या आहे तिच्यात जागेतला कोणताही हक्क वापरणाऱ्याकडे जात नाही. मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे मालकाला जाता येतं आणि ठरलेल्या रकमेच्या दुपटीने भरपाई मागता येते. म्हणून फोनवर कुणी "हक्क हक्क" म्हणायला लागलं की मी आधी हे सांगतो. अंगठा दिलेली अट ही खरी अट आहे. ती लपूनछपून मोडायची आणि नंतर सोसायटीवरचा निकाल मालकासमोर नाचवायचा, याने काही साधत नाही.

पण म्हणून मालकाला सगळंच मोकळं आहे असंही नाही, आणि ही बाजू भाडेकरूंना फार कमी माहीत असते. मांजर दिसली म्हणून तुम्ही बाहेर गेलेले असताना कुलूप बदलायचं, वीज तोडायची, सामान जिन्यात काढून ठेवायचं, हा मार्ग कायद्याने मालकाला दिलेला नाही. त्याला लेखी नोटीस द्यावी लागते आणि जागा सोडली नाही तर कायद्याच्या दारातूनच जावं लागतं. अट मोडली म्हणून अख्खं डिपॉझिट जप्त, असं करारात लिहिलेलं असलं तरीही भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७४ बघावं. दंडाचा आकडा करारात लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईच मिळते, तो आकडा ही फक्त वरची मर्यादा. दारावर ओरखडे असतील तर दार दुरुस्त करण्याचा खर्च मागावा. ओरखडाच नसेल तर निव्वळ मांजर होती म्हणून डिपॉझिट गिळता येत नाही.

आणखी एक. करार लेखी करणं आणि नोंदवणं ही जबाबदारी मालकाची आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये तसं लिहिलं आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे नोंदणीचा खर्च वाचवायला नुसत्या स्टँपपेपरवर भागवणाऱ्या मालकाने उद्या "प्राणी ठेवायचा नाही असं ठरलं होतं" म्हटलं, तर ते सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. याच्या उलटही खरं. नोंदवलेल्या करारात बंदी असेल आणि मालक जिन्यात भेटल्यावर "असू दे, ठेवा" म्हणाला असेल, तर त्या तोंडी शब्दावर विसंबू नका. नोंदवलेल्या करारातली अट बोलण्याबोलण्यात बदलली हे पुढे दाखवणं फार कठीण जातं. मालक आनंदाने हो म्हणतोय ना, मग तेच त्याच्याकडून त्याच आठवड्यात लिहून घ्या.

आता मनीबद्दल. तिच्या बाबतीत जे झालं त्याला कायद्यात नाव आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणं हा गुन्हा आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे १० ते ५० रुपये. मी त्या बापाला गुन्हेगार म्हणू शकत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या होत्या, मुलीची शाळा किंवा मुलीचं मांजर. पण वस्त्यांच्या कडेला, पुलाखाली गळ्यात पट्टा असलेलं कुत्रं भेदरून हिंडताना दिसतं तेव्हा मला आता वाटतं की यातल्या कित्येकांच्या मागे असंच एखादं सतरावं कलम असेल. घरात वाढलेलं जनावर रस्त्यावर कसं जगायचं हे शिकलेलं नसतं. ते गाडीच्या आवाजाला पळत नाही, दारात जाऊन बसतं. दार उघडलं की आत शिरायला बघतं.

बाहेरच्या देशांत काय आहे हे शोधताना एक निकाल वाचला, आणि तो वाचताना मला वाटलं की हा माझ्याच फाइलबद्दल आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये दिलेला. एका कुटुंबाने भाड्याच्या घरात खांद्यापर्यंत जेमतेम २० सेंटीमीटर उंचीचा कुत्रा आणला होता, करारात कुत्र्यामांजरांवर सरसकट बंदी होती. न्यायालयाने म्हटलं की छापील मसुद्यातली अशी सरसकट बंदी टिकत नाही. कोणता प्राणी आहे, किती मोठा, घर केवढं, शेजारी कोण, कुणाला त्रास होतो का, हे त्या-त्या प्रकरणात तोलून ठरवायला हवं. याचा अर्थ कुणीही काहीही पाळावं असा नाही, न्यायालयाने तेही स्पष्ट केलं. मालकाने विचार करून नाही म्हणावं, पण फॉर्मने त्याच्या वतीने नाही म्हणू नये, एवढाच त्याचा गाभा.

फ्रान्सने तर १९७० सालीच कायदा करून घरात प्राणी ठेवायला बंदी करणारं कलम रद्दबातल ठरवलं. अट एवढीच की प्राण्याने नुकसान करू नये आणि इतरांना त्रास देऊ नये. काही धोकादायक जातींची कुत्री त्यातून नंतर वगळली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात भाडेकरारातलं प्राणीबंदीचं कलम कायद्यानेच निरर्थक आहे. पण प्राण्याने खरंच नासधूस केली, खूप आवाज केला किंवा कुणाला गंभीर अ‍ॅलर्जी झाली तर मालकाला न्यायाधिकरणाकडे जाता येतं. इंग्लंडने २०२५ मध्ये केलेला भाडेकरू हक्क कायदा मला आपल्यासाठी सगळ्यात जवळचा वाटतो. तिथे भाडेकरू प्राणी ठेवायची परवानगी लेखी मागतो, मालकाने २८ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर ते वाजवी कारणानेच. मालकाचा नकाराचा अधिकार शाबूत आहे. फक्त त्याला कारण जोडावं लागतं.

मालकांची बाजू मी रोज ऐकतो, आणि ती खोटी नसते. मांजराचं मूत लाकडी चौकटीत मुरलं की वास जात नाही, दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात परत येतो. मोठं कुत्रं दिवसभर एकटं कोंडून ठेवलं तर ते दार खातं, शब्दशः खातं. शेजारच्या घरात दम्याचं मूल असू शकतं. अनेक मालकांची ती एकुलती मालमत्ता असते, त्याच भाड्यावर त्यांचं म्हातारपण चाललेलं असतं. त्यांनी काळजी केली तर त्यांना निर्दयी कसं म्हणायचं? माझं म्हणणं एवढंच की या सगळ्या शंका बोलण्याजोग्या आहेत, आणि बोलल्या की बहुतेक सुटतात.

गेलं सव्वा वर्ष मी तसं करून पाहतोय. सतरावं कलम मी काढून टाकलं. आता भाडं आणि डिपॉझिट विचारून झालं की दोघांच्या देखत मोठ्याने विचारतो, "घरात प्राणी आहे का? मुदतीत आणायचा विचार आहे का?" आणि मालकाला, "तुमची काही हरकत आहे का, असली तर कशाची?" सुरुवातीला मलाच संकोच वाटायचा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा खोलीत अशी शांतता झाली की मला वाटलं, हे गिऱ्हाईक गेलं. मग भाडेकरू म्हणाला, "आहे. कासव आहे." मालक हसले, विषय संपला. एका ठिकाणी मालकीणबाई ठाम नाही म्हणाल्या, त्यांच्या सुनेला मांजराच्या केसांनी धाप लागायची आणि सून त्याच घरी अधूनमधून राहायला येणार होती. भाडेकरूने ऐकून घेतलं, दुसरं घर बघितलं. कुणी कुणाला फसवलं नाही, कुणी पिशवीत घालून काही सोडून आलं नाही. तो नकार मला या वर्षातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी वाटतो.

आणि एक प्रसंग, ज्यात प्राण्याने खरोखर नुकसान केलं. एका मध्यमवयीन बाईंकडे तेरा वर्षांची कुत्री होती, मागच्या पायांनी अधू झालेली. मालक आधी कांकू करत होते. मी म्हटलं, ताबा देताना सगळ्या दारांचे, चौकटींचे, फरशीचे फोटो काढू, तारखेसकट दोघांना पाठवू, आणि काही बिघडलं तर दुरुस्तीच्या बिलाप्रमाणेच पैसे कापायचे असं लिहू. कुत्रीचं नाव, रंग, लसीकरणाची तारीख आणि महापालिकेचा परवाना करारात घातला. अकरा महिन्यांनी घर रिकामं केलं तेव्हा मीही गेलो होतो. मोरीच्या दाराची खालची पट्टी कुरतडलेली होती, साधारण वीतभर. मालकांनी जुना फोटो मोबाइलवर काढला, दाराशेजारी धरला, दोघांनी वाकून पाहिलं. सुताराने सांगितलेली रक्कम बाईंनी मान्य केली, उरलेलं डिपॉझिट त्याच संध्याकाळी त्यांना मिळालं. दहा-बारा मिनिटांचं काम. कुत्री तोवर बाहेरच्या पायरीवर चादरीवर पडून होती, मालक जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

भाडेकरूंना माझं हात जोडून सांगणं आहे: लपवू नका. घर मिळणार नाही ही भीती मला कळते, प्राणी आहे म्हटल्यावर तीन-चार ठिकाणांहून नकार घेऊन आलेली माणसं माझ्यासमोर बसतात. पण लपवलेला प्राणी हा घरातला सगळ्यात असुरक्षित जीव असतो. बेल वाजली की त्याला मागच्या खोलीत कोंडायचं, मुलांना गप्प राहायला शिकवायचं, मालक पायरी चढताना दिसला की छातीत धस्स व्हायचं, असं अकरा महिने कुणी जगू नये. आणि उघडकीला आलं की किंमत तोच जीव चुकवतो. आधी सांगा, लेखी सांगा, प्राण्याचे लसीकरणाचे कागद सोबत न्या, आधीच्या मालकाकडून दोन ओळी आणता आल्या तर आणा. मुदतीच्या मध्येच पोराने पिल्लू उचलून आणलं तर त्याच आठवड्यात मालकाला लिहा, सहा महिन्यांनी नव्हे.

माझ्याच व्यवसायातल्या मित्रांनाही सांगतो. तुमची फाइल उघडा आणि ते वाक्य शोधा. नव्वद टक्के करारांत ते कुणी मागितलेलं नसेल, मी माझ्या अनुभवावरून सांगतो. प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतं.

आणि सरकारकडे एक मागणी आहे, मोठी नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीच्या मसुद्यात प्राण्यांसाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा. भाडेकरूने प्राणी आहे की नाही ते लिहावं. मालकाने संमती आहे की नाही ते लिहावं, आणि नसेल तर कारण एका ओळीत लिहावं. रकाना भरल्याशिवाय नोंदणी पुढे सरकू नये. याने मालकाचा अधिकार तसूभरही कमी होत नाही. पुढे जाऊन आपल्या कायद्यातही इंग्लंडसारखी तरतूद यावी, विनाकारण नकार देता येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पण तिला वेळ लागेल. रकाना घालायला कायदा बदलावा लागेल असं मला वाटत नाही.

मी आता वापरतो ते कलम खाली देतो. त्यात लायसन्सर म्हणजे मालक आणि लायसन्सी म्हणजे भाडेकरू. वकिलाला दाखवून घेतलेलं आहे. ज्या मालकांना आणि भाडेकरूंना हवं असेल त्यांनी ते जसंच्या तसं घ्यावं, माझी परवानगी विचारायची गरज नाही:

"लायसन्सी यांच्याकडे पुढील पाळीव प्राणी आहे व तो सदर जागेत ठेवण्यास लायसन्सर यांची संमती आहे (प्राण्याचा प्रकार, नाव, वय व ओळखीची खूण). प्राण्याचे लसीकरण व आवश्यक परवाना मुदतीत चालू ठेवणे, सामाईक जागेत त्याने केलेली घाण उचलणे व शेजाऱ्यांस वाजवीपेक्षा अधिक त्रास होऊ न देणे ही लायसन्सी यांची जबाबदारी राहील. ताबा देताना व परत घेताना जागेचे फोटो उभयतांनी मिळून काढावेत. प्राण्यामुळे झालेल्या नुकसानीची रक्कम दुरुस्तीच्या बिलानुसारच अनामत रकमेतून वळती करावी. तक्रार उद्भवल्यास लायसन्सर यांनी लेखी कळवून सुधारणेसाठी किमान तीस दिवस द्यावेत. कोणत्याही परिस्थितीत प्राण्यास बेवारस सोडण्यात येणार नाही."

शेवटचं वाक्य वकिलांनी घातलेलं नाही. ते मी घातलं आहे, आणि ते वाचून दाखवल्याशिवाय मी अंगठा घेत नाही.

आपला,
भाडेकरार नोंदणीचं काम करणारा एक वाचक
(या पत्रातल्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून माझं नाव आणि गाव छापू नये, ही विनंती.)